चार फूट अस्वल

पडदा ओढला, आणि ग्रॅनाइटच्या चार फुटी चौथऱ्यावर एक अस्वल दिसलं. बटाटेवड्याएवढं. मागच्या रांगांना वाटलं, अस्वल अजून यायचंय. उपमंत्र्यांनी वाकून चौथऱ्याच्या मागं पाहिलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "वितळतंय ते." आणि टाळ्या सुरू झाल्या. पाच मिनिटं थांबल्या नाहीत. दोन बायका रडल्या, एक उपसचिव रडले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की हवामानबदलावर इतकं धाडसी भाष्य दगडात आजवर कोणी केलेलं नाही.

असं काही झालं नाही. म्हणजे झालं, पण तुम्ही ते विसरून जा, मीही विसरतो. मी तिथं नव्हतोच. मी दोन हजार किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या पार टोकाला, एका चारशे बारा वस्तीच्या गावात आहे. आज जूनची तीन तारीख आहे आणि माझ्या हातात मोजायची टेप आहे. अस्वल अजून दगडातच आहे.

"किती भरतंय?" पाउलुसीनं विचारलं.

दगड त्याच्या घरामागं, प्लायवूडच्या आडोशाला, दोन जुन्या टायरांवर ठेवला होता. हिरवट काळा, एका अंगानं मांजरीच्या पाठीसारखा वाकलेला.

"चार फूट दोन इंच."

"दोन इंच धुळीचे," तो म्हणाला. "अस्वल चार फूट. लिही, अक्का."

मी फॉर्मवर लिहिलं: लांबी चार फूट. दक्षिणेतल्या एका नव्या सरकारी इमारतीच्या प्रवेशदालनासाठी हे अस्वल मागवलं होतं. सव्वीस तारखेच्या मालवाहू विमानानं ते जायचं होतं, आणि ते जातंय की नाही हे बघण्यासाठी गावातल्या सहकारी सोसायटीनं मला ठेवलं होतं.

पाउलुसी इनुइट होता, वय एकाहत्तर, पन्नास वर्षं दगड कोरत आलेला. मी मकरंद सातपुते, वय चोवीस, राहणार इचलकरंजी, आणि गेले तीन महिने त्याची थोरली बहीण.

हे नीट सांगायला पाहिजे.

मी कॅनडात पुरवठा साखळी व्यवस्थापन शिकायला गेलो होतो. शिकलो. मग नोकरीचा अर्ज भरताना 'कामाचं ठिकाण' या रकान्यात 'कुठंही' लिहिलं. कुठंही म्हणजे कुठं, हे मार्च महिन्यात विमानाचं दार उघडल्यावर कळलं. उणे एकतीस. न्यायला येणारा माणूस आला नव्हता. मी बॅग ओढत दिसलेल्या पहिल्या घरात शिरलो. तिथं दार वाजवायची पद्धत नाही हे मला माहीत नव्हतं, पण हात गारठल्यामुळं आपोआप पाळली गेली. स्टोव्हजवळ एक खुर्ची रिकामी होती. तिच्यात बसलो. घरात सात-आठ माणसं होती. एका म्हाताऱ्यानं चहा ओतला.

"साखर?"

"चार चमचे," मी म्हणालो. आमच्याकडं याला फिका म्हणतात.

सगळ्यांनी हातातली कामं खाली ठेवली आणि माझ्याकडं बघत बसले. मला वाटलं, गावात साखरेची टंचाई असावी.

त्या म्हाताऱ्याची, म्हणजे पाउलुसीची, थोरली बहीण नाउजा अकरा दिवसांपूर्वी गेली होती. खुर्ची तिची. चमचे चार. या लोकांत माणूस गेलं की त्याचं नाव नव्या जन्मलेल्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातीही जातात. आजोबांचं नाव मिळालेल्या पोराला त्याची आई बाबा म्हणते, आणि हे कोणी गमतीनं करत नाही. मुलगा की मुलगी हेही बघत नाहीत. पण त्या मार्चमध्ये गावात बाळ येण्याच्या बेतात कोणीच नव्हतं. एक कुत्री होती, पण तिला आधीच दोन नावं होती.

"अकरा दिवस नाव नुसतं हिंडत होतं," पाउलुसीनं मला नंतर सांगितलं. "या घरातून त्या घरात. बसायला जागा नाही. रात्री आम्हांला कोणाला झोप नाही. मग तू आलीस आणि तिच्या खुर्चीत बसलीस."

त्यांच्या भाषेत आलास-आलीस ही भानगड नाही, त्यामुळं तिथं माझं निभावलं. मराठीत लिहिताना पंचाईत आहे. मी पाउलुसीच्या बाजूनं लिहायचं ठरवलंय. चूक असेल तर ती माझ्या वतीनं त्यानं केलीय असं समजा.

नाउजाचा नवरा जायपिती हयात होता. वय चौऱ्याहत्तर. तो दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत आला, माझा हात दोन्ही हातांत धरला, थोडं रडला, आणि कागदात गुंडाळलेली माशाची दोन डोकी टेबलावर ठेवून म्हणाला, "खा, बायको. डोळे आधी."

अत्यंत सभ्य माणूस. घरी कधी येतेस, असं एकदाही विचारलं नाही त्यानं. फक्त आठवड्यातून दोनदा डोकी आणायचा आणि मी डोळे खाईपर्यंत समोर उभा राहायचा. कधी फाटलेले हातमोजे ठेवून जायचा. मी ते सुतळीनं शिवायचो. तो ते घालून गावभर हिंडायचा आणि लोकांना टाके दाखवायचा. नाउजाचे टाके याहून वाईट होते म्हणे.

मी आईला फोनवर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "निर्व्यसनी आहे का?"

तर अस्वल.

पाउलुसी दगडाभोवती दोन दिवस नुसता फिरला. तिसऱ्या दिवशी खिडकीतून वायर बाहेर काढली, डोळ्यांवर बर्फातला जुना चष्मा चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि ग्राइंडर सुरू केला. पांढरी धूळ उडाली. हा दगड कोरडा असला की राखेसारखा दिसतो. पाणी मारलं की आतला हिरवा वर येतो.

"हा नाउजानं निवडलेला," तो मधे थांबून म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात. बोटीनं दोन दिवस लांब. ती हातोडी घेऊन प्रत्येक दगडाला मारायची आणि कान लावायची. आत चीर असली की दगड खोकतो. याला मारलं, तर वाजला घंटेसारखा. म्हणाली, हा घे. आता तिथला खडक संपला. नुसता चुरा उरलाय."

"म्हणजे हा शेवटचा?"

"हा शेवटचा."

"मग चालू दे," मी म्हणालो.

हे मी इंग्रजीत म्हणालो, पण का म्हणालो, तर सवय. इचलकरंजीत कोणी काम करताना दिसलं की जाताजाता म्हणायचं असतं, चालू दे. माग चालवणाऱ्याला म्हणायचं, दाढी करणाऱ्याला म्हणायचं, भांडणाऱ्यालाही म्हणायचं. त्याला काही अर्थ नसतो. पाउलुसीनं मान डोलावली आणि चालू दिलं.

जूनमध्ये तिथं सूर्य मावळत नाही. पोरं कुठल्याही वेळी बॉल खेळतात, माणसं कुठल्याही वेळी जेवतात, आणि झोप ही गोष्ट उरत नाही. माझी तर आधीच गेली होती. मी चाळीस यंत्रमागांच्या आवाजात वाढलोय. शांततेत मला वाटतं वीज गेलीय आणि आता कोणीतरी ओरडणार. म्हणून मी हिंडायचो. सोसायटीतून धावपट्टीवर, धावपट्टीवरून समुद्राच्या कडेला, तिथून पाउलुसीच्या घरामागं. ग्राइंडरचा आवाज ऐकला की जरा बरं वाटायचं. दिवसातून तीनदा तरी जायचो. आणि दर वेळी, जाताना, चालू दे.

सात तारखेला अस्वल बाहेर आलं. साडेतीन फूट, चालतं, मान खाली घातलेलं, पुढचा एक पाय उचललेला. पाउलुसीनं त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं. ते हिरवं झालं आणि मला खरंच वाटलं की ते माझ्याकडं बघून विचार करतंय.

पाउलुसीनं ग्राइंडर बंद केला. चष्मा कपाळावर सरकवला. आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. घराच्या मागच्या दारात त्याची मुलगी लीतिया हात पुसत उभी होती, तीही बघत होती. जायपिती कुंपणाशी थांबला होता. एखाद्यानं भाषण करावं म्हणून सगळे थांबतात तसं काहीतरी होतं. मला भाषण येत नव्हतं.

"व्वा!" मी म्हणालो. "चालू दे."

पाउलुसी क्षणभर तसाच उभा राहिला. मग चष्मा खाली ओढला, ग्राइंडर सुरू केला आणि अस्वलाचा डावा कान कापून टाकला.

मला वाटलं, कलावंत आहे.

मी अस्वल मागवणाऱ्या सरकारी कचेरीला फोटो पाठवला. तिथून ब्रायन नावाच्या माणसाचा फोन आला. त्याला मी कधी पाहिलं नाही. त्याचा आवाज नव्या फाइलसारखा कोरा होता.

"सातपुते, वर्णनात दोन कान आहेत."

"एक होता. म्हणजे दोन होते."

"त्याला सांगा."

मी जाऊन सांगितलं, "कानाचं जरा बघायला पाहिजे."

"म्हणजे अजून?" पाउलुसीनं विचारलं.

"थोडं अजून," मी म्हणालो.

त्यानं सुस्कारा सोडला. नवा कान काढायला डोकं लहान करावं लागलं. डोकं लहान झालं म्हणून मान. मान बारीक झाली म्हणून खांदे. दहा तारखेला उचललेला पाय गेला. चौदा तारखेला अस्वल बसलं, दोन फुटांचं. तेही सुंदर होतं. पुन्हा बादली, पुन्हा चष्मा कपाळावर, पुन्हा माझ्याकडं ते बघणं.

"छान," मी म्हणालो. मला घाम आला होता. अस्वल न्यायची पेटी चार फुटांची ठरली होती. "छानच. पण... चालू दे."

ब्रायनला मी लिहिलं, अस्वल आता बसलं आहे. त्यानं विचारलं, उठेल का? मी लिहिलं, तसं दिसत नाही. त्यानं लिहिलं, पेटीला मंजुरी मिळालेली आहे, त्यामुळं अस्वल पेटीच्या मापाचं असणं अपेक्षित आहे. पेटी पुढच्या विमानानं आली. आत पांढरा फोम, आणि फोममध्ये चार फुटांच्या चालत्या अस्वलाचा खड्डा. मी त्या खड्ड्यात एकदा पडून पाहिलं. पाय जरा बाहेर येत होते, बाकी मी बसत होतो.

अठरा तारखेला अस्वल झोपलं. सव्वा फूट.

त्या दिवशी पाउलुसीनं चहाचा कप धरला आणि तो त्याच्या हातून सुटला. त्याच्या मांडीवर उकळता चहा सांडला. तो खाली बघत बसला, कोणाचं तरी दुसऱ्याचं सांडलंय असं.

"भाजलं नाही?" मी ओरडलो.

"ग्राइंडर धरून धरून बोटांना कळत नाही," तो म्हणाला. त्याची बोटं टोकापासून दुसऱ्या पेरापर्यंत पांढरी होती. मला वाटायचं ती धूळ आहे. लीतियानं ओल्या फडक्यानं पुसली. ती पांढरीच राहिली. मग त्याला खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही.

"आज जरा आराम करा की," मी इंग्रजीत म्हणालो, अंकल लावून. माझ्या तोंडातून तेच यायचं.

"ऐकलंत का," खोकला आवरत तो जायपितीला म्हणाला, "अक्का मला काका म्हणते." दोघं पोट धरून हसले. आणि हसणं संपल्यावर पाउलुसी उठला, बाहेर गेला, आणि ग्राइंडर सुरू झाला.

वीस तारखेला मी सोसायटीच्या दुकानात गेलो. लीतिया गल्ल्यावर होती. तीस वर्षांची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि मला आत्या म्हणायची, चारचौघांत, मोठ्यानं.

"आत्या, काय देऊ? साखर?"

"लीतिया, तुझ्या वडिलांना थांबव. बोटं जातील त्यांची."

तिनं बिस्किटांचे पुडे लावायला घेतले. एक लावला, दुसरा लावला. मग म्हणाली, "मी कशी थांबवू?"

"तू मुलगी आहेस."

"म्हणूनच."

"मग जायपितीला सांग."

"तो मेहुणा. त्यानं सांगायचं नसतं."

"मग सांगायचं तरी कोणी?"

लीतियानं पुडे सोडले. माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी तीन महिने दुकानात येतोय आणि दार कुठं आहे विचारतोय.

"आत्या," ती म्हणाली, "मी तुला काही शिकवत नाहीये. मोठ्यांना शिकवत नाहीत. मी फक्त माझ्या आत्याची गोष्ट सांगते. ऐकायची तर ऐक."

"सांग."

"बाबा दगड कोरायचे. आत्या आत शिवत बसायची. मधून मधून बाहेर यायची, बघायची, आत जायची. मग एकदा ती टब आणि पॉलिशपेपर घेऊन बाहेर यायची. बाबा चष्मा वर करायचे. ती म्हणायची, ताइमा. आणि दगड त्यांच्या मांडीवरून उचलून घ्यायची. मग घासायचं काम तिचं."

"ताइमा म्हणजे?"

"झालं. पुरे. आता हात काढ."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर झालेलं नाही."

"त्यांना स्वतःला कळत नाही का?"

"बाबा म्हणतात, हाताला कधीच कळत नाही. हाताला आवडतंच ते." तिनं परत पुडा उचलला. "पन्नास वर्षं. एकदाही तिच्या आधी ते थांबले नाहीत. एकदा ती दवाखान्यात होती चार दिवस, तेव्हा एका वालरसचं बटण झालं. माझ्या कोटाला आहे ते."

मी गल्ल्याला धरून उभा राहिलो. सात तारीख मला दिसली. उचललेला पाय दिसला. मग चौदा. मग अठरा.

"मी चालू दे म्हणत होतो," मी म्हणालो.

"हो. आम्ही सगळे ऐकत होतो. जायपिती तर म्हणाला, मेल्यावर फार कडक झालीय."

"अगं, मग कोणीतरी मला..."

"सांगायचं? तुला?" लीतिया म्हणाली. "तू सगळ्यांत मोठी आहेस."

आता कोणालाही वाटेल की मी तिथून धावत गेलो. गेलो नाही. मी धावपट्टीवर गेलो आणि दोन तास येरझाऱ्या घातल्या. कारण मी तो शब्द म्हटला की अस्वल जिथं असेल तिथं थांबणार. सरकारी फाइलमध्ये ते चार फूट होतं. आणि माझ्या परवानगीच्या कागदावर लिहिलं होतं की ही नोकरी सुटली तर साठ दिवसांत मला देश सोडायचाय. शिवाय मला ते म्हणता येईना. माझ्या आईनं घरात कधी काही संपलंय असं म्हणू दिलं नाही. चहापूड संपत नाही, ती आणायची होते. मी आयुष्यात कोणाला पुरे म्हटलं नव्हतं. आमच्याकडं पंगतीत म्हणतात, पण ते जिलेबी वाढ असं सांगायला.

आणि एक आणखी होतं. ते मला तिसऱ्या येरझारीत कळलं, आणि नंतर मी पायांकडं बघून चालायला लागलो. म्हातारा अस्वल कोरत नव्हता. तो शेवटच्या दगडावर बसून वाट बघत होता की थोरल्या बहिणीचा आवाज येतोय का. दगड संपण्याआधी.

मी वळलो. तेव्हा मात्र धावलो.

घरामागं ग्राइंडर बंद होता. मग कानस ऐकू आली, हाताची, खर्र, खर्र. ग्राइंडर धरण्याएवढं काही उरलंच नव्हतं. पाउलुसी उलट्या बादलीवर बसला होता. मांडीवर पोतं, पोत्यावर मुठीत काहीतरी. बोटांना कळत नव्हतं म्हणून तो मधून मधून तो तुकडा गालाला लावून बघत होता, कुठं उंच आहे, कुठं खोल. गाल पांढरा झाला होता. टायरांवर धुळीचा ढीग होता आणि त्यात मी ओळखत असलेलं एक पूर्ण अस्वल होतं.

जायपिती कुंपणाशी होताच. लीतिया माझ्या मागून दुकान उघडं टाकून आली होती.

मी स्वयंपाकघरात शिरलो. सिंकखाली निळा टब होता, त्यात नाउजाचे पॉलिशपेपर, वापरून मऊ झालेले. कोणी हलवले नव्हते. मी टबात पाणी भरलं आणि बाहेर आलो. पाणी माझ्या बुटांवर सांडत होतं.

पाउलुसीनं मान वर केली. चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवतीच तेवढा तो माणसाच्या रंगाचा होता.

तो थांबला. मी थांबलो. मला पुन्हा वाटलं की आता भाषण करायचंय. पुन्हा ते आलं नाही.

"ताइमा," मी म्हणालो.

आवाज फाटला. कोणी हसलं नाही.

मी वाकलो आणि त्याच्या मुठीतून तो दगड घ्यायला गेलो. मूठ सुटेना. त्याला सोडायची होती, बोटं ऐकत नव्हती. मी एकेक बोट उघडलं. आत ओला, गरम, पाच इंचांचा तुकडा होता. अस्वल. चारही पाय पोटाशी घेतलेलं, नाक पायांत. दोन कान.

पाउलुसीनं माझ्याकडं बघितलं.

"उशीर केलास, अक्का," तो म्हणाला.

मग त्यानं पोतं झटकलं, उठला, आत गेला आणि नाउजाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर आडवा झाला. लीतियानं कोट आणून घातला. तो चोवीस तास झोपला. मधे दोनदा मी बघून आलो. खोकला येत होता, पण झोपेतच, आणि हात पोटाशी घेतलेले होते.

मी टबाशी बसलो. अस्वल घासत. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाण्यात बुडवून. मला ते काम येत नव्हतं. जायपिती शेजारी बसला आणि काही शिकवलं नाही; फक्त मी चुकीच्या दिशेनं घासायला लागलो की हवेतल्या हवेत आपला हात बरोबर दिशेनं हलवायचा, माश्या हाकलल्यासारखा. संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, तो म्हणाला, "बायको, ताइमा." मेहुण्याला सांगता येत नाही, पण बायकोला येतं, असं दिसलं.

मी अस्वल टेबलावर ठेवलं. ते कलंडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा कलंडलं.

"उभं राहत नाही," मी पाउलुसीला तो उठल्यावर म्हणालो.

"कशाला राहील?" तो चहात चार चमचे साखर घालत म्हणाला, माझ्या. "झोपलंय. हातात धरायचं असतं ते."

सव्वीस तारखेला मी पेटी बंद केली. चार फुटांच्या खड्ड्यात, बरोबर मधे, अस्वलाच्या जागेतल्या हृदयाच्या जागी, ते ठेवलं. फॉर्मवर लिहिलं: लांबी, मूळ चार फूट. ब्रायनचा फोन आला नाही. पुढं काय झालं ते आपण विसरून गेलोय.

पाउलुसीनं नंतर ग्राइंडर धरला नाही. दगडही नव्हता. तो माझ्याबरोबर धावपट्टीवर फिरायला यायचा आणि विमानांना नावं ठेवायचा. मी पुढच्या मार्चमध्ये परत निघालो, तेव्हा लीतियाच्या कडेवर दोन महिन्यांची मुलगी होती. तिचंही नाव नाउजा ठेवलं होतं.

"म्हणजे माझं काढून घेतलं?" मी विचारलं. मला वाटलं नव्हतं इतकं वाईट वाटलं.

"काढून कसं घेतील?" पाउलुसी म्हणाला. "आता तू दोन ठिकाणी आहेस. एकीनं इथं थांब, एकीनं जा."

जायपितीनं मला माशाचं डोकं बांधून दिलं. ते माझ्याकडून विमानतळावर काढून घेतलं गेलं. डोळे मी आधीच खाल्ले होते.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी आता पुण्याजवळ चाकणला एका गोदामात काम करतो. काल सकाळी लीतियाचा निरोप आला. तो वाचला आणि कंपनीच्या नियमाप्रमाणे खालील अर्ज भरला. तो इथं जोडतो आहे.

प्रति,
मनुष्यबळ विभाग.

विषय: जवळच्या नातेवाइकाच्या निधनानिमित्त रजा मिळण्याबाबत.

महोदय,
मी खाली सही करणार मकरंद सातपुते, वय ३२, आपणांस कळवितो की माझा धाकटा भाऊ पाउलुसी, वय ७९, याचे गेल्या रविवारी झोपेत निधन झाले. नात्याच्या पुराव्यादाखल रेशनकार्ड मागितले आहे; ते उपलब्ध नाही. त्याऐवजी साखरेचे चार चमचे ग्राह्य धरावेत. 'रक्ताचे नाते' या रकान्यात मी 'होय' लिहिले आहे. कृपया ते खोडू नये.

नियमानुसार तीन दिवसांची रजा देय आहे. परंतु आमच्या कुटुंबात काम केव्हा थांबवायचे हे मोठ्या बहिणीने सांगायचे असते, आणि मी स्वतःच मोठी बहीण असल्याने मला ते सांगणारे इकडे कोणी नाही. तो अधिकार सध्या दुसरी नाउजा, वय ८, इयत्ता तिसरी, यांच्याकडे आहे. तरी त्यांच्याकडून 'ताइमा' असे लेखी येईपर्यंत माझी रजा पूर्ण पगारी मंजूर करावी, ही नम्र विनंती.

कळावे,
आपला विश्वासू / आपली विश्वासू
(लागू नसेल ते आपण खोडावे.)